यॉस्ट एसईओ: मराठी पानावरचे दिवे किती खरे?

नागपुरात छोट्या दुकानाची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) करून घेतली, तर डेव्हलपर बहुतेक वेळा यॉस्ट एसईओ हे प्लगइन, म्हणजे पान गूगलवर सापडावं म्हणून मजकूर तपासणारी जोडणी, न विचारताच टाकून देतो. मालक मजकूर लिहायला बसला की खाली लाल, नारिंगी, हिरवे दिवे लागतात आणि सगळे हिरवे झाले की पान गूगलवर वर येणार असा समज होतो. हे दिवे यॉस्टचे आहेत. गूगल ते बघतही नाही. फुकट आवृत्ती टाकावी असंच आमचं मत आहे, पण मजकूर मराठीत असेल तर कोणता दिवा मानायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे आधी कळायला हवं.

पहिली गडबड भाषेच्या सेटिंगची. बऱ्याच साइटवर मजकूर मराठी आणि वर्डप्रेसची भाषा इंग्रजी असते. मग यॉस्ट इंग्रजीचे नियम लावतं, वाक्यांना जोडणारे इंग्रजी शब्द शोधतं आणि ते सापडले नाहीत म्हणून लाल दिवा दाखवतं. 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल'मध्ये साइटची भाषा मराठी करा. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये तेवढी भाषा वेगळी ठेवता येते. मराठीचं व्याकरण यॉस्टला येत नाही, त्यामुळे जोडशब्द आणि कर्मणी प्रयोग या तपासण्या गायब होतात. उरतात त्या वाक्याची, परिच्छेदाची लांबी आणि उपशीर्षकं. २० पेक्षा जास्त शब्दांची वाक्यं एक चतुर्थांशाहून अधिक झाली की ते टोकतं. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, म्हणून आपलं २० शब्दांचं वाक्य इंग्रजीपेक्षा बरंच लांब भरतं. इथे यॉस्ट ओरडलंच, तर ऐका.

खरी अडचण फोकस कीफ्रेजची, म्हणजे ज्या शब्दांवर पान सापडावं असं वाटतं त्या शब्दांची. समजा इतवारीतल्या मिठाईच्या दुकानाने 'नागपूर संत्रा बर्फी' ही कीफ्रेज टाकली. यॉस्ट ती पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकात, चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्र दिसलं नाही तर येणाऱ्या शब्दांत) शोधतं आणि ०.५ ते ३ टक्के घनता, म्हणजे मजकुरातलं तिचं प्रमाण, मागतं. पण शोधतं अक्षरशः तेच शब्द. 'नागपुरात मिळणारी संत्र्याची बर्फी' हे सरळ वाक्य त्याच्या हिशेबात येत नाही: 'नागपूर'चा दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला, 'संत्रा'चं 'संत्र्याची' झालं. मग दिवा हिरवा करण्यासाठी लोक 'नागपूर मध्ये', 'बर्फी ची' असे शब्द तोडतात किंवा तेच तीन शब्द परत परत कोंबतात. अशी कोंबाकोंबी गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरते आणि वाचणाराही दुसऱ्या ओळीला पान बंद करतो. कीफ्रेज मूळ रूपात शीर्षकात एकदा आणि पहिल्या दोन वाक्यांत एकदा येऊ द्या. बाकी ठिकाणी बोलतो तसं लिहा आणि घनतेचा लाल दिवा लाल राहू द्या.

यॉस्टची किमान ३०० शब्दांची अटही अशीच. गूगलने शब्दांची किमान मर्यादा ठेवलेली नाही, तरी ती भरण्यासाठी नागपूरच्याच गिऱ्हाइकाला नागपूर ही संत्रानगरी आहे हे तीन परिच्छेद सांगितलं जातं! त्याला हवं असतं डब्याचं वजन आणि भाव, बर्फी किती दिवस टिकते, फ्रीजमध्ये ठेवायची का, धरमपेठ-महालात घरपोच मिळते का, पुण्याला कुरिअर होते का, दुकान कोणत्या वारी बंद असतं. ताजी संत्री विकत असाल तर अंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात, हे लिहा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते एका ओळीत पुरे. एवढं १८० शब्दांत बसलं, तर पान १८० शब्दांचंच असू द्या.

दुव्याचं मात्र जपा. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी स्लग, म्हणजे दुव्याचा शेवटचा भाग, आपोआप बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, आत साठवताना ९ जागा खातं आणि स्लगची मर्यादा २०० आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'नागपूरची संत्रा बर्फी घरपोच' हे शीर्षक दिलंत, तर स्लग 'नागपूरची-संत्रा-बर्फी-घर' इथेच तुटतो. शिवाय असा दुवा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ दिसू शकते. स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, हाताने लिहा. कीफ्रेज स्लगमध्ये नाही अशी तक्रार यॉस्ट करेल. करू द्या.

मेटा वर्णनाची, म्हणजे गूगलच्या निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या ओळींची, पट्टीही चिन्हं मोजते. 'संत्र्यांची' या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, यॉस्ट ११ धरतं. त्यामुळे १५६ ची मर्यादा वाटते त्याच्या खूप आधी संपते. गूगलकडे असा ठरलेला आकडा नाही, ते पडद्याच्या रुंदीनुसार कापतं, म्हणून वस्तू, जागा आणि भाव पहिल्या दहा-बारा शब्दांत आणा. एसईओ शीर्षकाची (गूगलच्या निकालात दिसावं म्हणून यॉस्टमध्ये लिहिलेल्या शीर्षकाची) पट्टी पिक्सेलमध्ये मोजते, तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. गूगल कधीकधी तुमचं एसईओ शीर्षक सोडून पानावरचं मोठं शीर्षकच उचलतं, तेव्हा दोन्हींत एकच गोष्ट सांगितलेली असावी.

लोक नेमकं काय टाइप करतात, हे यॉस्ट सांगत नाही. त्यासाठी गूगल सर्च कन्सोल आहे, तेही फुकट. 'सावजी' एकाच शहरात देवनागरीत आणि दोन-तीन रोमन स्पेलिंगांनी शोधलं जातं. ज्या शब्दांवर पान दिसतंय पण क्लिक येत नाहीत, तिथे आधी शीर्षक आणि वर्णन बदला.

यॉस्टच्या प्रीमियम, म्हणजे विकतच्या आवृत्तीचे वर्षाचे पैसे मराठी साइटने भरावेत असं आम्हाला वाटत नाही. त्यातली शब्दरूपं ओळखण्याची सोय मराठीला लागू नाही, आणि एका पानाला अनेक कीफ्रेज दिल्या तरी अक्षरशः जुळवण्याची अडचण तशीच राहते. कामाचं आहे ते रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या दुव्यावर आलेल्याला नव्याकडे वळवणं. वर्डप्रेस पोस्टचा स्लग बदलला तर जुना दुवा नव्याकडे वळवतं, पण 'पेज' प्रकाराला ही सोय नाही आणि दुकानाची मुख्य पानं बहुधा पेजच असतात. पण तेवढं काम 'रीडायरेक्शन' नावाचं फुकट प्लगइन करतं: जुना पत्ता, नवा पत्ता, ३०१ (कायमच्या बदलाचा कोड), सेव्ह.