एसएनयूसी: आधी शस्त्रक्रिया की आधी किमो?

एकच नाकपुडी चोंदलेली, शेंबडातून अधूनमधून रक्त आणि सायनस समजून घेतलेले औषधांचे दोन-तीन कोर्स. एवढे झाल्यावर बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘सायनोनेझल अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा’, म्हणजेच एसएनयूसी, हे नाव वाचणाऱ्या कुटुंबाच्या हाती फार वेळ नसतो. १९८६ साली स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेलेला हा दुर्मिळ कॅन्सर झपाट्याने वाढतो आणि डोळ्याच्या खोबणीकडे किंवा कवटीच्या तळाकडे सरकतो.

गाठ लहान व नाकापुरतीच असेल, तर आधी शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते. अनेकदा ती दुर्बिणीने नाकातूनच होते. मात्र गाठ खोबणीत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचली असेल, तर ती पूर्ण निघेल याची खात्री देता येत नाही, कधी डोळाही काढावा लागतो आणि जखम भरेपर्यंत रेडिएशन लांबते.

आधी किमो म्हणजे बहुधा सिस्प्लॅटिन व इटोपोसाइड, साधारण २१ दिवसांच्या अंतराने, आणि मग पुन्हा एमआरआय. माझ्या मते या मार्गाचे खरे मोल त्या एमआरआयमध्ये आहे, कारण गाठ आक्रसली की नाही यावर पुढचा उपचार ठरतो. अमेरिकेतील एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरने २०१९ साली अशा ९५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किमोने गाठ आक्रसली आणि पुढे किमोसह रेडिएशन दिले, त्या गटात पाच वर्षे या कॅन्सरने मृत्यू न होण्याचे प्रमाण ८१ टक्के होते; गाठ आक्रसूनही शस्त्रक्रिया केलेल्यांत ते ५४ टक्के होते. गाठ आक्रसली नाही, तिथे चित्र उलटे होते: शस्त्रक्रिया व रेडिएशन घेतलेल्यांत ३९ टक्के, शस्त्रक्रियेविना शून्य. हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेले नव्हते, त्यामुळे आकड्यांना अंतिम निकाल मानू नये. तरीही पसरलेल्या गाठीसाठी मी आधी किमोकडेच झुकेन. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड व श्रवणशक्तीवर घाला घालते, म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) वाढलेले असेल तर हा कौल बदलतो.

दोन्हींच्या आधी लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागून घ्यावेत व परळच्या टाटासारख्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्यावेत, कारण नट कार्सिनोमा किंवा घ्राणचेतांचा (वासाच्या नसांचा) न्यूरोब्लास्टोमा हे वेगळे कॅन्सर एसएनयूसीसारखेच भासू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. किमो निवडलीच, तर गाठ आक्रसली नाही तर शस्त्रक्रिया कोण आणि किती दिवसांत करणार, हे पहिले सलाइन लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे.