खडकीचं .३२ काडतूस: रेंजवर एक नंबर, गव्यासमोर नको

आपल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटी, कणकुंबी, नंदगडकडची लय माणसं विचारतात, रिव्हॉल्वरचं लायसन्स आहे, रानात डुक्कर नायतर गवा समोर आला तर .३२ चालतंय काय, आणि चालत असेल तर गोळी कुठली घ्यायची. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं मालाबद्दल. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची, काडतुसाच्या बुडावर केएफ असा शिक्का असतो. रेंजवर मी हेच वापरतोय आणि मला आवडतं, धक्का कमी, हात उडत नाही, नवीन माणसाचा नेम पण लवकर बसतो. कागदावर सराव करायला आणि घरच्या संरक्षणाला ठेवायचं तर बिनधास्त घ्या.

खरं मोठ्या जनावराचं म्हणाल तर साफ नाही. हे .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग १८९६ चं कार्ट्रिज म्हणजे काडतूस आहे, नेहमीची गोळी ९८ ग्रेनची म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ७०० फुटांच्या घरात, ऊर्जा जेमतेम १५० ज्यूल. अमेरिकेत हँडगननं शिकार कायदेशीर आहे, तिथं लोक हरणाला आणि मोठ्या जनावराला .४४ मॅग्नम घेतात, ते १९५५ साली आलं, २४० ग्रेनची गोळी आणि हजार-बाराशे ज्यूल, म्हणजे आपल्या .३२ च्या सात-आठपट, आणि एवढं असून पण तिथले जाणते शिकारी जवळ गेल्याशिवाय गोळी सोडत नाहीत. २००३ साली आलेलं .५०० एस अँड डब्ल्यू मॅग्नम काडतूस तर त्याच्याही कितीतरी पुढं.

आता गोळीचा आकार, खरी मेख इथंच आहे बघा. होलो पॉइंट म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी आत जाऊन फुलते, खरं त्याला वेग लागतो. .३२ ला तेवढा वेगच नाही त्यामुळं बऱ्याचदा ती फुलतच नाही, आणि फुललीच तर तिथंच अडकते, आत खोल जात नाही. जाड कातडं, चरबी, खांद्याचं हाड, एवढं ओलांडून फुफ्फुसापर्यंत पोचायचं तर गोळी जड, कडक शिशाची आणि टोकाला चपटी लागते, म्हणून तिकडं मोठ्या जनावराला हार्ड कास्ट घेतात. दुकानदार सांगेल ही फुलणारी आहे, जास्त जोरात मारते, त्याच्या नादाला लागू नका. हजार किलोपर्यंत वाढणाऱ्या गव्याला .३२ मारली तर तो पडणार नाही, जखमी होऊन तुमच्याच अंगावर येणार, नायतर रानात कुठंतरी दिवसेंदिवस तडफडणार. मला हे अजिबात पटत नाही.

आणि कायदा तर आहेच की. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, गवा शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आणि भीमगड अभयारण्य आपल्या खानापूर तालुक्यातच आहे. भात, ऊस गेला की राग येतोय हे मी पण शेतकऱ्याचाच पोरगा असल्यामुळं जाणतो, खरं डुकराला पण वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही, लायसन्स गमवायची वेळ येते. पंचनामा करून भरपाईचा अर्ज टाका, फोटो आधी काढून ठेवा.

बेळगावात मी ज्या दुकानातून घेतो तिथले काका चांगले आहेत, काय कामाला पाहिजे ते आधी विचारतात, मगच पेटी काढतात. लायसन्सबुक बरोबर न्या, खरेदीची नोंद त्यातच होते. पेटी उघडून एकेक राउंड बघून घ्या, हिरवट पडलेला किंवा चेपलेला दिसला तर तिथंच बदलून मागा. आपल्याकडच्या पावसात काडतुसं कपाटात तशीच ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं कुलूप घाला.