कृतज्ञतेच्या तीन ओळी: प्रश्न छापलेल्या एका रोजनिशीविषयी

मुंबईच्या मॉलमधील पुस्तकांच्या दुकानांत हल्ली प्रश्न छापलेल्या रोजनिशांसाठी स्वतंत्र कप्पा असतो. त्यांतील साडेसहाशे रुपयांची एक रोजनिशी मी पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतली आणि नेमाने भरली. निर्मात्याचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार एकूण या प्रकाराविषयीच आहे.

वस्तू देखणी आहे, यात वाद नाही. आकार ए-५, पुठ्ठा कापडी आणि बांधणी शिवणीची असल्यामुळे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर ती मांडीवर सपाट उघडते. कागद मात्र पातळ असून फाउंटन पेनची शाई मागच्या पानावर उमटते.

खरी अडचण मजकुराची आहे. आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे, आज कशाचा त्रास झाला, उद्या काय वेगळे करीन, असे तीन प्रश्न रोजच्या पानावर आहेत आणि प्रत्येकाखाली तीन आखीव ओळी. एवढ्या जागेत माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. मागची पाने चाळली, तेव्हा त्रासाच्या रकान्यात 'ऑफिस', 'पुन्हा ऑफिस', 'साहेब' अशा रेशनकार्डाच्या अर्जात शोभतील अशा नोंदी दिसल्या. तोच विषय साध्या दोनशेपानी वहीत, हात न थांबवता, पाऊण तास लिहिला, तेव्हा कुठे दुसऱ्या पानाच्या तळाशी 'कारण' हा शब्द आला. त्यापुढे जे उतरले त्यात साहेब नव्हतेच. आईच्या औषधपाण्याची जबाबदारी वाटून घेण्याविषयी भावाशी बोलणे मी टाळत होते आणि त्याची चिडचिड ऑफिसच्या नावावर जमा होत होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. मनाला लागलेली घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही ज्यांनी लिहिले, ते लिहून उठताना अधिक खिन्न होते. पुढील काही महिन्यांत मात्र विद्यापीठाच्या दवाखान्यातील त्यांच्या फेऱ्या तुलनेने कमी भरल्या. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कारण आणि उमज दाखवणारे शब्द वाढत जातात त्यांना लाभ अधिक होतो, असेही पेनीबेकर यांना पुढे आढळले. या रोजनिशीत प्रत्येक पानाच्या शेवटी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांतून एक निवडायचा असतो. खिन्नतेला तेथे मज्जाव नाही, पण तिच्यामागची कारणे लिहायला जागाही नाही.

आठवड्याच्या अखेरीचे पान मात्र मनापासून आवडले. 'या आठवड्यात काय बोलायचे राहून गेले?' एवढा एकच प्रश्न आणि खाली पूर्ण कोरे पान. संपूर्ण रोजनिशी अशी असती, तर किंमत खुपली नसती.

कोऱ्या पानापुढे ज्यांचा हात अडतो, त्यांनी सुरुवातीला ती वापरायला हरकत नाही. इतरांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जावे. याच पैशांत तेथे जाड कागदाच्या अर्धा डझन वह्या सहज येतात. शिवाय ब्राऊन पेपरचे कव्हर घातले, की चार माणसांच्या वन-रूम-किचनमध्येही दुधाच्या हिशेबाची वही समजून तिला कोणी हात लावत नाही. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत 'फक्त माझ्यासाठी' असे छापलेल्या रोजनिशीला ती सोय नाही.