माफातमधला मुक्काम: रीयुनियनला जायचं तर आधी डोंगरातली खाट धरा

आधी निकाल सांगते. हिंदी महासागरात मॉरिशसशेजारच्या रीयुनियन बेटावर माफातच्या डोंगरकुंडात ला नूव्हेल नावाची वस्ती आहे. तिथल्या एका घरगुती 'झीत'मध्ये, म्हणजे डोंगरवाटेवरच्या मुक्कामाच्या घरात, मी आणि माझी मामेबहीण राहिलो. पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा गुण रात्रीच्या घोरण्याचा, त्यावर पुढे येतेच. वस्तीत अशी बरीच घरं आहेत आणि राहण्या-जेवण्याची रीत सगळीकडे साधारण एकच आहे. त्यामुळे हे परीक्षण एका घरापेक्षा त्या रीतीचं समजलंत तरी चालेल.

सहल ठरवताना एका पर्यटन कंपनीकडून आराखडा मागवला होता. त्यात पश्चिम किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, रोज समुद्र आणि मध्येच एक दिवस 'ज्वालामुखी दर्शन'. मॉरिशसचीच सहल, फक्त बेटाचं नाव बदललेलं. मी साताऱ्यात आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे नकाशा उघडल्याशिवाय पैसे भरायची सवय नाही. नकाशा सांगतो की या बेटाला पोहण्याजोगा किनारा फार थोडा. पश्चिमेला एर्मिताजच्या आसपास प्रवाळाच्या भिंतीआडचं उथळ पाणी, बस. त्याबाहेर शार्कचे हल्ले इतके झाले की २०१३ पासून ठरवून दिलेल्या जागा सोडून पोहण्यावर आणि सर्फिंगवर बंदी आहे. उलट बेटाचा मधला भाग पाहा. ३,००० मीटरच्या वर गेलेलं पितों दे नेज हे विझलेलं शिखर आणि त्याच्या तीन अंगांना कोसळून-झिजून झालेली तीन प्रचंड कुंडं: सालाझी, सिलाओस आणि माफात. हे कडे, ही कुंडं २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. मग रात्री किनाऱ्यावर कशाला घालवायच्या? आराखडा परत पाठवला आणि आधी माफातची खाट धरली, बाकीचे दिवस तिच्या मागेपुढे लावले. तुम्हीही हाच क्रम ठेवा. रीयुनियनच्या पर्यटन विभागाचं आरक्षण केंद्र आहे, त्यांच्यामार्फत डोंगरातल्या खाटा धरता येतात. थेट फोन केला तर पलीकडून फ्रेंच किंवा क्रेओल, म्हणजे बेटावरची बोली, येतं. ऑक्टोबरात बेट आडवं कापणारी 'दियागोनाल दे फू' ही दीडशे किलोमीटरच्या वरची डोंगरशर्यत असते. तेव्हा खाट मिळायची आशा सोडा.

माफातला रस्ता नाही. कच्चाही नाही. सालाझीकडून गाडीने कोल दे बफ खिंडीखालच्या वाहनतळापर्यंत जायचं, पैसे भरून गाडी राखणीत सोडायची आणि पाठीवर पिशवी टाकून चालायला लागायचं. ला नूव्हेलपर्यंत आम्हाला दोन तासांच्या वर लागले. लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या गुडघ्यांना त्रास देतात, पण मध्ये तामारिनचं पठार लागतं तिथे सगळं विसरायला होतं. हे आपल्या चिंचेचं झाड नव्हे. बाभळीच्या कुळातलं, फक्त याच बेटावर उगवणारं, वाऱ्याने वाकलेलं आणि शेवाळाने लगडलेलं. धुक्यात त्याखाली गाई चरत होत्या. मामेबहीण म्हणाली, "ताई, इथेच डबा सोडू या." सोडला.

झीत म्हणजे पत्र्याच्या छपराची रंगवलेली घरं, पुढे अंगण, अंगणात फुलझाडं आणि कोंबड्या. वीज सूर्यावरची, त्यामुळे फोन चार्ज करायचा तो दिवसा, आणि विचारून. गॅसच्या टाक्या, सिमेंट, तांदळाची पोती, सगळं हेलिकॉप्टरने येतं आणि कचराही हेलिकॉप्टरनेच बाहेर जातो. पाण्याच्या बाटलीचा भाव पाहून कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी हे आठवावं. आम्ही रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून माणशी पन्नासेक युरो दिले. रोख. माफातमध्ये बँक नाही, एटीएम नाही, तेव्हा नोटा खालूनच घेऊन चढा.

आता मुख्य गोष्ट, जेवण. सातच्या सुमारास सगळे एकाच लांब टेबलाला बसतात. आमच्या समोर फ्रान्सहून आलेलं एक जोडपं आणि बेटावरच्याच साँ-पियेरचं कुटुंब होतं. आधी 'रम आरांजे' फिरली, फळं, व्हॅनिला आणि मसाले घालून मुरवलेली रम. मामेबहीण घेत नाही म्हटल्यावर मालकीणबाईंनी काही न बोलता तिच्यापुढे गवती चहाचा काढा ठेवला. मग ताटात आधी भात, त्यावर 'ग्रें' म्हणजे शिजवलेला दाट राजमा किंवा मसूर, मग चुलीवर बिडाच्या भांड्यात केलेला कोंबडीचा 'कारी' आणि कडेला 'रुगाय', टोमॅटो-कांदा-मिरचीची कच्ची चटणी. कारीत कांदा, लसूण, टोमॅटो, हळद आणि थाईमची पानं. नारळ नाही, धण्या-जिऱ्याचा भडिमार नाही. पहिल्या घासाला मला ते अळणी वाटलं. मग रुगाय मिसळला आणि तक्रार संपली, कारण ती मिरची आकाराने लवंगीएवढी आणि वागणुकीनेही तशीच. शेवटी रताळ्याचा केक. आमच्याकडे उपासाच्या रताळ्याला कधी हा मान मिळाला नाही.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. भात, ग्रें, 'ब्रेद' म्हणजे परतलेली पालेभाजी, सालाझीत वेलींवर लोंबणाऱ्या 'शुशू'ची भाजी आणि लोणच्यासारखं 'आशार', एवढ्यावर उत्तम निभतं. हळद घालून केलेला कडधान्यांचा भात 'झांब्रोकाल' तर डब्याला फार सोयीचा. पण ग्रेंमध्ये किंवा पालेभाजीत चवीला धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे कधीकधी घालतात आणि इथे त्याला कुणी 'मांसाहार' मानत नाही. म्हणून आरक्षण करतानाच लिहून कळवा आणि ताटावर बसताना पुन्हा विचारा. आम्ही दोन्ही केलं. मालकीणबाईंनी बहिणीसाठी छोट्या पातेल्यात मसूर वेगळी ठेवली होती आणि ते पातेलं दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाही याकडे त्यांचं जेवणभर लक्ष होतं. साडेचारातले दोन गुण त्या पातेल्याचे.

जेवणानंतर साँ-पियेरच्या आजोबांनी माफातचा इतिहास सांगितला, त्यांच्या नातीने मोडक्या इंग्रजीत तो आमच्यापर्यंत पोचवला. मळ्यांतून पळालेले गुलाम या कुंडांत येऊन लपत आणि त्यांची शिकार करायला बंदूकधारी टोळ्या पाठवल्या जात. माफात हे नावच अशा एका पळून आलेल्या म्होरक्याचं. बेटावर गुलामगिरी संपली २० डिसेंबर १८४८ ला, आजही त्या दिवशी सुट्टी असते. मग उसाच्या मळ्यांवर करारावर माणसं आणली ती मोठ्या प्रमाणात दक्षिण भारतातून. त्यांचे वंशज म्हणजे इथले 'मालबार', बहुतेक तमिळ. गुजराती मुसलमान ते 'झाराब'. शेजारच्या मॉरिशसमध्ये मराठी मंडळी आहेत, इथे मात्र आपली भाषा कानावर पडेल अशी आशा नको. आजोबांनी मग टेबलावर बोटांनी मालोयाचा ठेका धरला. गुलामांच्या वस्त्यांतलं हे गाणं पूर्वी सरकारला खुपायचं. २००९ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. त्याला लागणारं 'कायांब' हे वाद्य उसाच्या तुऱ्याच्या काड्यांचं, आत बिया भरलेलं. भिंतीवर टांगलेलं होतं, नातीने काढून मला हातात दिलं. दिसतं सोपं. मला ठेका जमला नाही.

आणि आता तो अर्धा गुण. खोली सामाईक, वर-खाली खाटा, भिंती लाकडी फळ्यांच्या. शेजारच्या खोलीतला इसम रात्रभर मन लावून घोरला. दोघांची वेगळी खोली काही घरांत मिळते, थोडे जास्त पैसे पडतात, द्या. कानात घालायचे बोळे न्या. गादीवर अंथरायला स्वतःची पातळ चादर हवी, आणि थंडीचे कपडे. उष्णकटिबंध म्हणून सुती कपड्यांवर जाल तर जुलै-ऑगस्टच्या रात्री पस्तावाल, तिथे तेव्हा हिवाळा असतो. सकाळी आणखी एक कटकट: ऊन पडलं की पर्यटकांची हेलिकॉप्टरं कुंडात घिरट्या घालू लागतात. त्याला झीतवाले काय करणार.

मी इतका खर्च करून इथे का आले हेही सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकताना ज्या तप्त ठिकाणावरून, म्हणजे जमिनीच्या पोटातून लाव्हा वर येत राहणाऱ्या जागेवरून गेला, तिथून ओतलेल्या लाव्ह्याच्या थरांवर आपलं दख्खन उभं आहे, असं भूशास्त्रज्ञांचं बहुमान्य मत आहे. जमीन पुढे सरकली, चूल जागच्या जागी राहिली. मालदीव, मग मॉरिशस अशी तिची खूण समुद्रात दिसत जाते आणि आज ती रीयुनियनखाली पेटलेली आहे. फळ्यावर हे चित्र मी किती वेळा काढलं असेल. माफातच्या कड्यांत लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशी उभं राहिलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. फरक वयाचा: हे बेट समुद्राबाहेर येऊन जेमतेम वीस-तीस लाख वर्षं झाली आहेत.

म्हणून माफातनंतर लगेच ज्वालामुखी ठेवा. बूर-म्यूरा गावातलं सिते द्यू व्होल्काँ हे संग्रहालय आधी पाहा, जवळच ज्वालामुखी वेधशाळा आहे. १९७७ च्या उद्रेकाने डोळे उघडल्यावर ती उभारली गेली. त्या वेळी लाव्हा पितों-सेंत-रोझ गावात शिरला आणि चर्चच्या दाराशी येऊन दोन्ही बाजूंनी वळला. चर्च अजून उभं आहे, भोवती काळा दगड. बूर-म्यूराहून पहाटे पा द बेलकोंबला, ज्वालामुखीच्या आवाराच्या कड्यावर, २,३०० मीटरवर. पुढे पितों द ला फूर्नेझ हा जागता ज्वालामुखी, २,६३२ मीटर. खडकांवर मारलेले पांढरे ठिपके धरून जाऊन-येऊन पाच तासांच्या आसपास, त्यात वाटेवर १७५३ साली तयार झालेला फोर्मिका लेओ हा छोटा लालसर शंकू लागतो. दहा वाजता ढग चढतात आणि मग ठिपकेही दिसत नाहीत, म्हणून उजाडताच निघा. माथ्यावरच्या दोलोमिय्यू विवराचा तळ एप्रिल २००७ मध्ये काही दिवसांतच तीनशे मीटरहून जास्त खचला. काठाच्या फार जवळ जाऊ नका, कडा कच्चा आहे. उद्रेकाची चिन्हं दिसली की खालचं सगळं आवार बंद करतात. तसं झालं तर सहल फुकट गेली असं समजू नका, लोक तेव्हा दुरून लाव्हा बघायला रात्री रांगा लावतात.

बाकी थोडक्यात. मुंबईहून मॉरिशस, तिथून पाऊण तासाचं विमान. बेट फ्रान्सचं आणि चलन युरो, पण ते शेंगेनमध्ये नाही. तेव्हा युरोपचा व्हिसा हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नियम फ्रान्सच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. मॉरिशसला गाड्या डावीकडून, इथे उजवीकडून. सिलाओसच्या रस्त्याला चारशे वळणं सांगतात, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यावी, तिथली मसूर मात्र विकत आणावीच. मे ते नोव्हेंबर हे कोरडे महिने. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे, आणि या बेटाचा पाऊस म्हणजे थट्टा नाही: फोक-फोकला जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला, तो जागतिक विक्रम आहे. आंबोलीकरांनीही मान खाली घालावी असा आकडा.

खाट धरताना कळवायचं ते एवढं: किती माणसं, शाकाहारी किती, वेगळी खोली हवी का, आणि खिंडीतून किती वाजता निघणार. दुपारी तीनच्या आत पोचा, कारण अंघोळीचं गरम पाणी पहिल्या आलेल्यांना पुरतं.