मार्ल, म्हणजे चुनखडीयुक्त चिकणमाती, की भाजलेला चुना?

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या रेताड, आम्लधर्मी जमिनीत राबणाऱ्या कुळापुढे हा पेच असे: जमिनीतलं आम्ल मारायला यातलं काय घालावं?

खर्चाचं म्हणाल तर मार्ल बऱ्याचदा शेतातच खणून मिळे. पैसा जाई मजुरी नि गाड्यांवर. चुन्याला भट्टी हवी, जळण हवं.

मेहनतीत मात्र मार्ल कंबरडं मोडे. एकरी डझनावारी गाड्या ओतायच्या, मग हिवाळ्याच्या गोठणाने ढेकळं फुटायची वाट बघायची. (मार्ल खणलेले कित्येक खड्डे आज तळी झालेत.) चुना थोडका पुरे, पण हा कळीचा चुना भिजला की अंग भाजून काढी.

चुन्याचा गुण लवकर दिसे. मार्ल सावकाश लागू पडे, पण वर्षानुवर्षं टिके, शिवाय वाळूला धरून ठेवी. मला हेच मोठं वाटतं.

हलकी वाळू नि लांब मुदतीचा पट्टा असेल, तर मार्ल. भारी जमीन, थोडक्या वर्षांचा खंड नि जवळ भट्टी असेल, तर चुनाच.