माळेगावच्या यात्रेतून आणलेलं घोंगडं

माळेगावच्या खंडोबाला आमच्या घरचं कुणी ना कुणी दरसाल जातंच. लोहा तालुक्यातलं हे गाव एरवी शांत, पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या आगेमागे निम्मा मराठवाडा तिथं लोटतो. दोन वर्षांपूर्वी आबा, बायको, दोन लेकरं आणि मी, असे सगळेच गेलो. दर्शन झालं, कपाळाला भंडारा लागला आणि आबांनी आम्हाला ओढत जनावरांच्या बाजारात नेलं. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी वळू. घ्यायचं काहीच नव्हतं, तरी 72 वर्षांचे आबा दोन बैलांचे ओठ वर करून दात बघून आले. रुमालाखाली बोटं धरून चाललेला एक सौदाही अर्धा तास उभं राहून पाहिला.

खरेदी एकच होती, घोंगडं. आबांचं जुनं कसरीनं खाल्लं होतं. पहिल्या पालावर एक म्हातारा विणकर बसला होता. 2800 सांगितले आणि एक रुपया खाली येईना. बोलायचाही नाही फारसा. आम्ही पुढं सरकलो.

पुढचा मात्र बोलण्यात भारी गोड. "बसा मालक, घ्या अगर नका घेऊ, हात तर लावा." देशी मेंढीची लोकर, हातमागावरचं, चिंचोक्याची खळ दिलेलं, अशी माहिती भराभरा सांगत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. समोर पसरलेलं घोंगडं खरंच जाड, खरबरीत, मेंढीचा वास येणारं. मग त्यानं त्यातलाच एक धागा उपसून काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला, धागा आपोआप विझला, राख बोटांत चुरगळली. "प्लास्टिक असतं तर गोळी झाली असती मालक." मी तर गारच. भाव 3000 वरून 2200 वर आला.

फसवणूक इथं झाली. "हे हजार जणांनी हाताळलेलं, तुम्हाला कोरं देतो," म्हणत त्यानं मागच्या ढिगातून प्लास्टिकमध्ये चिकटपट्टी मारलेली घडी काढली. आबा म्हणाले, "घडी मोडून बघ की रं." तो लगेच म्हणाला, "बाबा, मोडली की परत तशी बसत न्हाई, पिशवीत मावायचं न्हाई." तिकडं लेकरं पाळण्यासाठी रडायला लागलेली. "चला हो आबा, तोच माल आहे," असं म्हणत मी मोबाईल काढून स्कॅन केलं. बैलाचे दात मोजणाऱ्या माणसाला मी हे शिकवत होतो.

रात्री घरी घडी मोडली. हलकं, गुळगुळीत. आबांनी नाकाला लावलं आणि म्हणाले, "ह्याला मेंढीचा वासच न्हाई." बायकोनं कोपरा भिजवला. लोकर भिजली की वास उलट वाढतो, हे तिला माहेरापासून ठाऊक. याला नुसता नळाच्या पाण्याचा वास. शेवटी काडी लावली. धागा आखडला, वितळला आणि टोकाला काळा मणी धरला, टणक. ॲक्रिलिक होतं ते. आबा काही बोलले नाहीत, गोधडी ओढून झोपले.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून परत गेलो. त्या जागेवर बांगड्यांचं दुकान लागलेलं. शेजारच्यानं सांगितलं, रात्रीच पाल उचललं. यात्रेतल्या पोलीस चौकीत हवालदारानं पावती मागितली, दुकानाचं नाव विचारलं. दोन्ही नव्हतं. मोबाईलवर पैसे गेल्याचं दिसतं, पण तिथं नाव कुठल्याशा मोबाईल दुकानाचं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मला माहीत होता, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध?

तर घोंगडं घेणार असाल तर जे घरी न्यायचं तेच पूर्ण उलगडायला लावा. जळवून बघायचा धागा विकणाऱ्यानं नाही, तुम्ही काढायचा, आणि तोही त्याच घोंगड्यातून. दशीचा, म्हणजे काठाला सुटलेला धागा घेऊ नका, काही जण दशी लोकरीची लावून मध्ये भलतंच विणतात म्हणे. नमुन्याला हात लावू दिला आणि माल पिशवीतून दिला, की उठायचं. कागदावर नाव, गाव आणि रक्कम लिहून घ्या. खरा विणकर याला नाही म्हणत नाही. आम्ही त्या पहिल्या म्हाताऱ्याकडं परत गेलो, त्यानं न सांगता लिहून दिलं, आणि धागा आबांनीच उपसला. तेव्हाही 2800 च घेतले.

ते ॲक्रिलिकचं मोटरसायकलवर झाकायला टाकलंय. दोन उन्हाळे झाले, रंग तसूभर उडालेला नाही.