अपघाताची भरपाई: मंजूर 7,25,000, हातात 2,90,000

हाडांच्या वॉर्डाबाहेर रेक्झिनची बॅग घेऊन फिरणारा आणि 'आधी एक रुपया नको' म्हणणारा भरपाईच्या दाव्यांचा दलाल दिसला, की त्याला दारातूनच हाकला. अशाच एकाने माझे 4,63,500 रुपये खाल्ले. हा धंदा कसा चालतो ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं, मलाही होतं. पण ऐकलेलं वेगळं आणि पायात रॉड घालून पडलेलं असताना समोर आलेलं वेगळं.

अपघात थोडक्यात सांगतो. सोलापूर जिल्हा, गाळपाचा हंगाम, रात्रीची वेळ. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रस्त्यातच उभा, एकीलाही रिफ्लेक्टर नाही. मी स्प्लेंडरसकट मागच्या ट्रॉलीवर. डाव्या नडगीचे दोन तुकडे. मी ग्रिल-गेटचं वेल्डिंग करायचो. ज्याला उकिडवं बसता येत नाही त्याला ते काम कोण देणार?

या माणसाकडे एफआयआरचा नंबर माझ्या बायकोच्या आधी पोचला होता. तो कुठून मिळाला, हे ठाण्यात विचारलं की साहेबांना राग येतो. 'मालक, दावा टाकायला सहा महिन्यांची मुदत आहे, गेली की गेली. वकील आपलाच आहे, वीस टक्के द्या, तेही पैसे आल्यावर.' मुदतीचं खरं होतं, 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात आहे. दहातल्या नऊ गोष्टी तो खऱ्याच सांगायचा, म्हणूनच माणूस फसतो. टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच बंदी आहे, हे तेवढं सांगितलं नाही. वकीलपत्रावर सही घेतली, त्यावर वकिलाचं नाव कोरं. टक्केवारीचं नाव काढणारा वकील असो नाहीतर वकिलाचा माणूस, तिथूनच उठा.

'पैसे आल्यावर' म्हणणाऱ्याने आधीच किती काढले तेही लिहितो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी 'आत द्यायला' 18,000. कोर्ट फी म्हणून 6,500. कागदपत्रांच्या नकला 4,000. एकूण 28,500, पावती एकाचीही नाही. सरकारी दवाखान्यात जे काही भरायचं ते खिडकीवर, पावती घेऊन.

आता ज्या दिवसाचा विचार करून अजून झोप उडते तो दिवस. 'कोर्टाचे पैसे जमा व्हायला नवं खातं लागतं' म्हणून त्याने मला रिक्षात घालून बँकेत नेलं. माझं आधीचं खातं होतं, चांगलं चालू होतं. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर त्याने स्वतःचा लिहिला. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, 'हा नंबर कुणाचा?' तो म्हणाला, 'भावाचा.' मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कुबडी सावरत होतो, मान हलवली. कोर्टाचे मेसेज इंग्रजीत येतात, ते तो बघेल, असं त्याने रिक्षातच डोक्यात भरवून ठेवलं होतं. ज्यांना वाटतं आपण त्या जागी नंबर खोडून घेतला असता, त्यांनी तीन महिने कमाई नसताना, दवाखान्याचं 1,84,000 बिल उसनवारीवर भागवून त्या काउंटरसमोर उभं राहून दाखवावं. पासबुक 'झेरॉक्स लावायला' त्याच्याकडे राहिलं. चेकबुक आलं तेव्हा दोन कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या, 'वकीलसाहेबांच्या फीसाठी'.

दावा लोकअदालतीत मिटवला. हॉलमध्ये बाजारासारखी गर्दी, तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचा लेखी कागद, इंग्रजीत. पॅनेलने विचारलं, 'मान्य आहे ना?' तो पाठीमागून म्हणाला, 'हो म्हणा.' आकडा कुणीच मोठ्याने वाचला नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हेही मला नंतर कळलं.

त्याने सांगितलं, 3,62,500 मंजूर, वीस टक्के वजा, तुमचे 2,90,000. खात्यात बरोबर 2,90,000 होते. हिशोब जुळत होता, संशय कशाचा घ्यायचा? मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी पासबुक भरून घेतलं तेव्हा यंत्रातून ओळ बाहेर आली: जमा 7,25,000. खाली दोन चेक, 3,00,000 आणि 1,35,000. म्हणजे वीस नाही, साठ टक्के.

आणि ते 7,25,000 तरी योग्य होते का? माझं वय 41, त्याला गुणक 14, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला 14 ने गुणायचं. महिना 15,000 कमाई आणि 32 टक्के अपंगत्व धरा, नुसत्या कमाईच्या नुकसानीचेच 8,06,400 होतात. बिल वेगळं, वेदनांचे वेगळे. शिवाय कोर्ट डॉक्टरांचीच टक्केवारी धरून बसत नाही, हातच्या कामावर किती परिणाम झाला ते बघतं. वेल्डरच्या पायाचं मोल जास्त धरता आलं असतं. पण त्याला घाई होती.

पोलीस म्हणाले, 'चेक तुमचा, सही तुमची, मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.' कोर्टाच्या कार्यालयात म्हणाले, रक्कम तुमच्याच खात्यात गेली, आमचं काम संपलं. बँक म्हणते सही जुळते, आणि त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण आता नाही. वकील म्हणतात, हा माणूस आपल्या ओळखीचाच नाही! मग वकीलपत्र त्यांच्या टेबलावर उडत गेलं का? अपघातानंतर पोलिसांनी जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील फॉर्म द्यायचा असतो, सविस्तर अहवाल 90 दिवसांत अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो फॉर्म मला मिळाला असता तर बॅगवाल्याची गरजच पडली नसती. ठाण्यात याबद्दल विचारलं तर हवालदार मलाच विचारतात, 'कुठला फॉर्म?' ज्याला ज्याला पगार मिळतो त्या प्रत्येकाने मला पुढच्या टेबलाकडे पाठवलं, आणि प्रत्येक टेबल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद.

दाव्याचा सीएनआर नंबर, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून 16 जागांचा केसचा ओळख क्रमांक, पहिल्याच दिवशी मागा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की तारीख, निकाल सगळं फुकट दिसतं. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन 15100. बायकांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. माझी आई दावेदार नव्हती, नाहीतर तेच केलं असतं. निवाड्याची प्रमाणित प्रत स्वतः काढा, दुसऱ्याने आणलेली झेरॉक्स नको. कोऱ्या चेकवर सही सख्ख्या भावालाही नको. ठाणेदार तक्रार घेत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तिथेही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकारी. वकिलाविरुद्ध तक्रार अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली राज्य बार कौन्सिलकडे करायची. मी दोन्ही केलं आहे.

अधीक्षकांकडे अर्ज पोचल्यावर त्याचा फोन आला. 'मालक, एक लाख घ्या आणि मिटवा, घरातली गोष्ट आहे.' मी म्हटलं, लिहून दे. 'लिहून कशाला,' म्हणाला, 'आपला एवढा विश्वास नाही का?'